पीएसए वाढलाय? बायोप्सीच्या आधी हे वाचा: बेळगाव भागातल्या माणसांसाठी तपासण्यांचा क्रम आणि खर्च

आमचे आप्पा एकाहत्तर वर्षांचे. खानापूर तालुक्यात शेती. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठायला लागले तेव्हा "वयाचं आहे" म्हणून आम्ही सहा महिने काढले आणि मग एकदम घाई केली. त्या घाईत तीन सोनोग्राफ्या, पोटाचा एक सीटी स्कॅन आणि एक बायोप्सी, म्हणजे कॅन्सर आहे का ते बघायला सुईने तुकडे काढणं, एवढं झालं. जी तपासणी बायोप्सीच्या आधी व्हायला हवी होती, म्हणजे प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) एमआरआय, ती सगळ्यात शेवटी झाली. तीही दोन महिने थांबून, कारण बायोप्सीनंतर ग्रंथीत साकळलेलं रक्त एमआरआयच्या चित्रात गोंधळ घालतं.

मी डॉक्टर नाही. पण तेव्हापासून भावकीतले, चंदगडकडचे पाहुणे, आप्पांच्या भजनी मंडळातले असे बरेच जण मला फोन करतात. प्रत्येकाला तेच सांगून दमलो, म्हणून लिहून काढतोय. उपचार कोणता घ्यायचा हे तुमचे युरॉलॉजिस्ट (मूत्रविकारांचे डॉक्टर) सांगतील. इथे फक्त एवढंच आहे, की कुठली तपासणी कधी केली तर पैसा कामी येतो आणि कधी वाया जातो.

१. आधी पीएसएचा आकडा खरा आहे का ते बघा

पीएसए ही साधी रक्ताची तपासणी. प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रथिन ती मोजते, आणि ते वाढलं की प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय घेतात. खर्च शेकड्यांतला. पुढचे सगळे हजारो रुपये या एका आकड्यावर उभे राहतात, म्हणून इथे घाई नको.

पीएसए फक्त कॅन्सरमुळे वाढत नाही. वयानुसार ग्रंथी मोठी झाली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबली, कॅथेटर (लघवीची नळी) घातला, तरी तो वाढतो. आप्पांची लघवी तुंबली होती, नळी घातली होती आणि त्याच आठवड्यात कुणीतरी पीएसए लिहून दिला. आकडा आला १४. घरात रडारड. नंतर संसर्ग गेल्यावर, दीड महिन्याने परत केला तर ६.८. तोही जास्तच, पण १४ आणि ६.८ यांत माणसाची झोप उडण्याचा फरक आहे.

लक्षात ठेवायच्या गोष्टी:

- लघवीत संसर्ग असेल तर तो बरा करून साधारण सहा आठवड्यांनी तपासणी करा.
- तपासणीच्या आधी दोन दिवस लांबची सायकल आणि शरीरसंबंध टाळा. हे कोणी सांगत नाही, लाजतात.
- दुसऱ्या वेळी शक्यतो त्याच लॅबमध्ये करा.
- प्रोस्टेटसाठी ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड असलेली गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगाच. सहा महिने ही गोळी घेतल्यावर पीएसए जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे रिपोर्टवरचा ३ हा खरा ६ असू शकतो. गोळीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत टॅम्सुलोसिन असतं आणि खाली बारीक अक्षरांत ड्युटास्टेराइड. पाकीटच घेऊन जा.

याच भेटीत डॉक्टर बोटाने गुदद्वारातून तपासतात. आप्पांनी पहिल्या वेळी चक्क नकार दिला होता. या तपासणीचा वेगळा खर्च जवळजवळ नसतो आणि ग्रंथी दगडासारखी कडक लागली तर पुढची दिशाच बदलते. घरातल्या म्हाताऱ्यांना आधीच समजावून न्या.

२. सोनोग्राफी एकदाच करा, आणि एक भागाकार

पोटावरून केलेली सोनोग्राफी तीन गोष्टी नीट सांगते: ग्रंथी किती मोठी, लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते, आणि मूत्रपिंडांवर ताण आलाय का. कॅन्सर आहे की नाही हे ती सांगू शकत नाही. आम्ही तीन ठिकाणी तीन वेळा केली, कारण प्रत्येक दवाखान्यात "आमच्याकडची लागेल" असं ऐकायला मिळालं आणि आम्ही मान डोलावली. ताजी सोनोग्राफी हातात असेल तर नम्रपणे विचारा: "साहेब, यातून काय कळलं नाही म्हणून परत करायची?"

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर बऱ्याचदा "प्रोस्टेटोमेगाली ग्रेड २" असं छापलेलं असतं. हे वाचून आमच्या एका पाहुण्यांनी जमिनीच्या वाटण्यांची बोलणी सुरू केली होती. हा ग्रेड फक्त ग्रंथीच्या आकाराचा. कॅन्सरचा त्याच्याशी काही संबंध नाही. पुढे पाय-रॅड्स (एमआरआयवरून संशय किती), ग्लिसन आणि ग्रेड ग्रुप (तुकड्यावरून कॅन्सर किती आक्रमक), स्टेज (तो कुठवर पसरला) असे आणखी चार प्रकारचे आकडे भेटतील. प्रत्येकाचा अर्थ निराळा. एकाचा ३ दुसऱ्याच्या ३ शी जुळवू नका.

आता भागाकार. सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार सीसीमध्ये दिलेला असतो. पीएसएला त्या आकड्याने भागा. आप्पांचं ६.८ भागिले ५२, म्हणजे ०.१३. याला पीएसए डेन्सिटी म्हणतात. ०.१५ च्या वर असेल तर संशय वाढतो, खाली असेल तर कमी होतो. एमआरआय संशयास्पद नसूनही बायोप्सी करायची का, अशा कुंपणावरच्या वेळी डॉक्टर हाच आकडा बघतात. मोबाइलवर फुकटात होतो.

३. बायोप्सीच्या आधी एमआरआय

लेखातला मुख्य मुद्दा हा, म्हणून जरा सविस्तर.

जुनी पद्धत अशी: पीएसए वाढला की गुदद्वारातून सोनोग्राफीच्या आधाराने ग्रंथीत दहा-बारा ठिकाणी सुई मारायची. नेम धरून नव्हे, अंदाजाने सगळीकडे. गाठ सुईच्या मध्ये राहून गेली तर निसटली. आणि ज्याने माणसाला आयुष्यभर काही केलं नसतं असा बारीक, सुस्त कॅन्सर सापडला की त्याच्यामागे उपचारांची रांग.

ब्रिटनमध्ये प्रॉमिस नावाचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५७६ पुरुषांचा आधी एमआरआय केला, मग नेहमीची बायोप्सी आणि शिवाय अगदी बारकाईने सगळी ग्रंथी पिंजून काढणारी बायोप्सीही केली, म्हणजे खरं-खोटं पडताळता यावं. उपचार लागेल असा कॅन्सर एमआरआयने ९३ टक्के वेळा पकडला, नेहमीच्या बायोप्सीने ४८ टक्के. एमआरआयवर भरवसा ठेवला असता तर २७ टक्के लोकांची बायोप्सी टळली असती. पुढच्या वर्षी आलेल्या प्रिसिजन या अभ्यासात ५०० पुरुष होते. आधी एमआरआय करून नेम धरून बायोप्सी केलेल्यांत महत्त्वाचा कॅन्सर ३८ टक्क्यांना सापडला, जुन्या पद्धतीत २६ टक्क्यांना. बिनमहत्त्वाचा कॅन्सर मात्र ९ टक्के विरुद्ध २२ टक्के. म्हणजे जे शोधायचं ते जास्त सापडलं आणि जे न सापडलेलं बरं ते कमी. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१९ मध्ये एमआरआय आधी करण्याची शिफारस केली.

आता पैशाचं. "आधीच महाग बायोप्सी, त्यात वर एमआरआय कशाला?" हा प्रश्न माझ्या चुलत्यांनी विचारला होता आणि तो चुकीचा नाही. प्रॉमिसच्याच माहितीवर तिकडच्या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला. पूर्ण तब्येतीत जगलेलं एक जादा वर्ष मिळवायला किती पैसे पडतात, असा तो हिशेब असतो. आधी एमआरआय आणि गरज पडली तर दोनदापर्यंत नेम धरून बायोप्सी, या क्रमाला तो खर्च ७,०७६ पौंड आला. त्या वेळी तिथे वीस हजार पौंडांपर्यंतचा खर्च सहसा परवडणारा धरत.

पौंडांचा हिशेब बेळगावला जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे बिल सरकार भरतं, इथे बऱ्याचदा आपला खिसा. पण हिशेबाची रीत तीच. एमआरआयचा खर्च समोर दिसतो. चुकलेली बायोप्सी परत करणं, बायोप्सीनंतर ताप येऊन भरती होणं, बिनमहत्त्वाच्या कॅन्सरवर ऑपरेशन होणं, हे खर्च आधी दिसत नाहीत. आपल्याकडे त्यात सोबत जाणाऱ्या माणसाचा बुडालेला रोज आणि गाडीभाडं घाला. आमच्या वहीत गाडीभाड्याचाच आकडा एमआरआयच्या निम्म्यावर गेला होता.

तरीही एमआरआय म्हणजे निकाल नव्हे. त्याच प्रॉमिसमध्ये तो बऱ्याच जणांच्या बाबतीत उगाच संशय घेताना दिसला. कॅन्सर ठरतो तो तुकड्याच्या तपासणीवर. शिवाय आपल्या भागात क्षयरोग अजून आहे. प्रोस्टेटचा क्षय किंवा जुनी सूज एमआरआयमध्ये हुबेहूब गाठीसारखी दिसू शकते. घरात कुणाला टीबी झाला असेल तर तेही सांगा.

एक अपवाद. पीएसए शंभराच्या वर आणि ग्रंथी बोटाला दगडासारखी, अशा माणसाला आधी एमआरआय करण्यात फारसा अर्थ नसतो. तिथे थेट बायोप्सी आणि कॅन्सर कुठवर पसरला हे बघणारी तपासणी. पाठीत सतत दुखतंय आणि पायातलं बळ जातंय, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. मणक्यावर दाब आला असेल तर तास महत्त्वाचे असतात.

४. सेंटरला फोन करून हे विचारा

बेळगावात कॉलेज रोडपासून नेहरूनगरपर्यंत स्कॅन सेंटरं भरपूर. निपाणी-चिकोडीचे लोक कोल्हापूर किंवा मिरज गाठतात, खानापूर-चंदगडकडचे बेळगावात येतात. जवळचं कुठलंही चालेल, पण आधी विचारा:

- मशीन १.५ टेस्ला की ३ टेस्ला? दोन्हीवर होतं, पण कमी ताकदीच्या जुन्या मशीनवर प्रोस्टेट करू नका.
- रिपोर्टमध्ये पाय-रॅड्सचा आकडा देता का? "नाही" म्हणाले तर फोन ठेवा.
- प्रोस्टेटचे एमआरआय वाचायची रेडिओलॉजिस्टना सवय आहे का? हा प्रश्न विचारायला अवघड जातो, पण मशीनपेक्षा वाचणारा महत्त्वाचा.
- कॉन्ट्रास्टसह दर किती, त्याशिवाय किती, आणि त्यात सीडी धरलेली आहे का?

कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून दिलं जाणारं औषध. त्याने बिल वाढतं, साधारण दहा हजारांच्या आगेमागे जातं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राइम या अभ्यासात कॉन्ट्रास्टशिवायच्या छोट्या एमआरआयनेही महत्त्वाचा कॅन्सर तेवढाच सापडला, दोन्हीकडे सुमारे २९ टक्क्यांना. अट एकच, चित्रं चांगली हवीत आणि वाचणारा तयार हवा. तेव्हा युरॉलॉजिस्टना विचारा: "कॉन्ट्रास्ट लागेलच का?" ज्यांची लघवी तुंबलेली असते त्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) बऱ्याचदा वाढलेलं असतं, त्यांनी तर हे विचारायलाच हवं.

सरकारी रुग्णालयात दर कमी पडतो, नंबर लागायला वेळ जातो. पीएसए थोडासाच वाढलेला असेल तर तीन-चार आठवडे थांबल्याने सहसा काही बिघडत नाही. हा आजार बहुतेकांत सावकाश चालतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

५. एमआरआयच्या दिवशी

अर्धा-पाऊण तास हलायचं नाही आणि मशीन ठोकल्यासारखा आवाज करतं. पोटात वायू नसलेला बरा, म्हणून सकाळी पोट साफ करून न्या.

धातू आत चालत नाही. अंगठी, पट्टा सगळे काढतात, पण आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या कमरेला चांदीचा करगोटा असतो तो विसरतो. आप्पांना त्यासाठी आतून परत बाहेर आणलं. तुळशीची माळ राहू दिली तरी चालते, पण आधी दाखवा. पेसमेकर किंवा हाडात सळई असेल तर नंबर लावतानाच सांगा. आपल्या भागात घराघरांत माजी सैनिक आहेत. अंगात कधी गोळीचा किंवा बॉम्बचा तुकडा राहिला असेल तर ते सांगणं फारच गरजेचं. चाळीस वर्षांपूर्वीचं असलं तरी.

निघताना सीडी मागून घ्या. नुसत्या फिल्मवर पुढचा डॉक्टर समाधानी होत नाही, आणि मग मुंबई-बेंगळूरला गेल्यावर सगळा एमआरआय नव्याने करावा लागतो.

६. पाय-रॅड्स आला, आता काय?

आकडा १ ते ५. हा संशयाचा आकडा आहे, आजाराच्या टप्प्याचा नाही.

१ किंवा २ आला आणि पीएसए डेन्सिटीही कमी असेल, तर बहुतेक वेळा बायोप्सी न करता पीएसएवर लक्ष ठेवतात. ४ किंवा ५ असेल तर बायोप्सी करावी लागते. ३ म्हणजे खरा कुंपणावरचा. इथे डेन्सिटी, वय, घरातला इतिहास बघून डॉक्टर ठरवतात, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर त्याचे पैसे इथेच खर्च करा.

७. बायोप्सी

एमआरआयची सीडी डॉक्टरांनी बघितली आहे ना, आणि दिसलेल्या जागेवर नेम धरून तुकडे घेणार ना, हे विचारा. एमआरआय करून परत अंदाजानेच सुया मारल्या तर एमआरआयचे पैसे पाण्यात.

गुदद्वारातून सुई घालण्याऐवजी बाहेरच्या कातडीतून, म्हणजे अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागातून, बायोप्सी करायची पद्धत आहे. तिच्यात जंतुसंसर्गाची भीती कमी. सोय असेल तर विचारा. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून करा. बायोप्सीनंतर थंडी वाजून ताप आला तर रात्र काढू नका, लगेच भरती व्हा. लघवीतून, वीर्यातून थोडं रक्त काही दिवस येतं, त्याला घाबरायचं कारण नाही.

तुकड्याच्या रिपोर्टबरोबर स्लाइड आणि ब्लॉकही (काचेवरचे आणि मेणात जपलेले तुकडे) मागा.

८. सीटी, बोन स्कॅन, पीएसएमए पेट

आमचा सगळ्यात वाया गेलेला खर्च म्हणजे तो सीटी स्कॅन. ग्रंथीच्या आतला कॅन्सर सीटीत धड दिसतच नाही. कॅन्सर सिद्ध होण्याआधी "सगळं एकदा बघून घेऊ" म्हणून केलेला सीटी म्हणजे पेरणीआधी मळणीचं यंत्र आणणं.

या तपासण्या कॅन्सर सिद्ध झाल्यावर, तो बाहेर पसरलाय का हे बघायला असतात. तेही सगळ्यांना नाही. कमी धोक्याच्या कॅन्सरला बोन स्कॅनही (हाडांचा स्कॅन) लागत नाही, पेटही नाही. जास्त धोक्याचा असेल तर मात्र पीएसएमए पेट (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी अंगभर शोधणारा स्कॅन) उजवा ठरतो. ऑस्ट्रेलियातल्या प्रोपीएसएमए या २०२० च्या अभ्यासात ३०२ पुरुष होते, पसरलेला आजार ओळखण्यात पेट ९२ टक्के अचूक निघाला, सीटी आणि बोन स्कॅन मिळून ६५ टक्के. याचा दर एमआरआयच्या दुप्पट किंवा त्याहून वर असतो, पण तो केला तर सीटी आणि बोन स्कॅन हे दोन्ही सहसा टळतात. तिन्ही एकदम लिहून दिले असतील तर कारण विचारा.

९. कार्ड, योजना आणि कागद

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के आणि तेही दीड लाखापर्यंत मिळतात. पण योजना प्रामुख्याने भरती झालेल्या माणसाच्या उपचारांसाठी. बाहेरच्या बाहेर केलेल्या तपासण्या, म्हणजे पीएसए आणि निदानाआधीचा एमआरआय, बहुतेक वेळा स्वतःच्या पैशांनीच होतात. म्हणूनच वरचा क्रम महत्त्वाचा. खिशातले पैसे जातात ते नेमके या टप्प्यावर.

खासगी रुग्णालयात योजनेतून जायचं असेल तर तातडीचा प्रसंग सोडून सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं. आधी पैसे भरून मग पत्र आणलं तर परत मिळत नाहीत. माजी सैनिकांनी ईसीएचएस (त्यांच्यासाठीची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊनच निघावं.

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकाने त्यावर आक्षेपही घेतला. चौकातलं राजकारण चौकात राहू द्या. कोल्हापूर-मिरजेला जाणार असाल तर तिथल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) गावाचं नाव सांगून, कोणते कागद चालतील ते गाडीत बसण्याआधी फोनवर विचारा.

सोबत ठेवायचं:

- आधार, रेशन कार्ड, असेल तर ईसीएचएस कार्ड. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स
- रेफरल पत्र
- पीएसएचे सगळे रिपोर्ट, तारखेच्या क्रमाने
- सोनोग्राफी, क्रिएटिनिन, एमआरआयची सीडी
- चालू गोळ्यांची पाकिटं

नावाचं एक जपा. आपल्या रेशन कार्डावर नाव कानडीत, आधारवर इंग्रजीत, आणि दोन्हीकडचं स्पेलिंग वेगळं. आप्पांचं वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, एकीकडे नुसतं आद्याक्षर. काउंटरवर त्यावरून अर्धा दिवस गेला. तपासण्या चालू असतानाच हे दुरुस्तीला टाका, भरतीच्या दिवशी नव्हे. फॉर्म कानडीत असतो, वाचता येत नसेल तर सोबत वाचणारा न्या किंवा आरोग्यमित्राकडून भरून घ्या. न वाचता सही नको.

१०. कॅन्सर निघाला, पण कमी धोक्याचा

आप्पांचं हेच निघालं. आमच्या मनात लगेच ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, नुसतं लक्ष ठेवू. आम्हाला वाटलं, हात वर केले यांनी.

पण याला आधार आहे. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट या अभ्यासात १,६४३ पुरुषांपैकी काहींचं ऑपरेशन, काहींना रेडिएशन आणि काहींवर फक्त लक्ष ठेवलं. पंधरा वर्षांचा निकाल २०२३ मध्ये आला: तिन्ही गटांत मिळून साधारण ९७ टक्के लोक या कॅन्सरने दगावले नव्हते. लक्ष ठेवलेल्यांत आजार पसरण्याचं प्रमाण मात्र जवळजवळ दुप्पट होतं, सुमारे ९ टक्के विरुद्ध ५ टक्के, म्हणूनच "लक्ष" हा शब्द मनावर घ्यायचा. ठरलेल्या महिन्यात पीएसए, डॉक्टर सांगतील तेव्हा परत एमआरआय, गरज पडली तर परत बायोप्सी.

आप्पांचा पीएसए आता सहा महिन्यांनी होतो. सुगी आणि सहावा महिना एकत्र आला की ते "पुढच्या वेळी बघू" म्हणतात, म्हणून तारीख मी दिनदर्शिकेवर माझ्या हाताने लिहितो. सगळे रिपोर्ट प्लास्टिकच्या एकाच फाइलमध्ये आहेत, एमआरआयची सीडी आतल्या कप्प्यात चिकटपट्टीने डकवलेली, आणि फाइलच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने तारीख, पीएसए, भागाकार. गेल्या खेपेला डॉक्टरांनी फाइल उघडली, ते पान बघितलं आणि नवीन काही न लिहिता परत दिली.